सगळ्यांची सहल

नाही नाही, रेनिटा, ते टोक आधी सोड बघू — कापडाला सुरकुती पडेल — आणि बस इथं. बस गं. उद्या सभा, उमेदवार तू, आणि आज सांगतेस की या बॅनरखाली मी उभी राहणार नाही? का, तर म्हणे फोटो! काय वाईट आहे फोटोत? आपल्या पोलाद कारखान्याच्या युनियनची सहल आहे ती, अठ्ठावन्न सालची. हा डावीकडचा टोपीवाला — हे माझे बाबा. खाली 'पुन्हा आणूया ते दिवस!' — हे वाक्य मीच सुचवलं. खोटं आहे का ते? एका पगारात घर चालायचं, दुखलंखुपलं तर डॉक्टरचं बिल कारखाना भरायचा, साहेब युनियनच्या माणसाला टरकून असायचे. तू भाषणात दुसरं काय मागतेस? हेच ना? मग?

तुझे आजोबा? अगं, ओहायोतला एवढा मोठा कारखाना, एका फोटोत किती माणसं मावणार? होते की तेही युनियनमध्ये. कोळसा भाजून कोक करतात त्या भट्टीवर होते — हो, तुमचे काळे कामगार सगळे तिथंच असायचे, दुसऱ्या खात्यात... घेत नसत तेव्हा, पण वर्गणी सारखी, कार्ड सारखं! बाबा त्यांना 'ब्रदर एल्रॉय' म्हणायचे, ब्रदर! घरी? घरी कशाला येतील, ते रुळांच्या पलीकडे राहायचे, आम्ही अलीकडे — सगळ्याला तू वेगळाच रंग देतेस बाई. आणि सहल काय आम्हालाच होती? तुम्हालाही होती. तीच बाग, तोच पोहण्याचा तलाव, खर्च युनियनचाच. रविवारी सगळ्यांची, सोमवारी तुमची.

काय झालं? अशी काय बघतेस? — अगं, 'सगळ्यांची' म्हणजे... तसंच म्हणायचे तेव्हा, पत्रकावर तसंच छापायचे, माझ्या तोंडात तेच बसलंय. मनात काही नव्हतं गं कुणाच्या. आई कोबीचे रोल करायची मोठं पातेलं भरून, अकॉर्डियन वाजायचं, आणि खरी चंगळ तर मंगळवारी! मंगळवारी तलावाचं पाणी सोडून द्यायचे ना, आम्ही पोरं त्या ओल्या फरशीवर बसून घसरायचो, कपडे हिरवेगार व्हायचे शेवाळानं, आणि बाबा वर उभे राहून —

सफाई गं. सफाई नको का करायला? माणसं पोहणार म्हटल्यावर पाणी बदलावंच लागतं. दर वर्षी बदलायचे. मंगळवारीच... हो, मंगळवारीच. रविवारी आम्ही इतकी माणसं उतरायचो, तेव्हा नाही बदलायचे, ते... मी विचारलं होतं आईला एकदा. लहान होते, सहज विचारलं — काल का नाही बदललं, परवा का नाही, आजच का? तर आई म्हणाली —

नाही. काही नाही. विसरले मी काय म्हणाली ते.

नको ना अशी बघूस. खरंच विसरले. आणि आठवलं तरी तुझ्यासमोर कसं बोलू गं मी ते? — ऊठ तू. ऊठ, नीघ. भाषण कर नाहीतर नको करूस, जा फक्त आता. नको, कापडाला हात लावू नकोस. मी घालते घडी.