कटनी एकशे तीन किलोमीटर

(गोहलपुरातल्या टोस्ट-बेकरीचं मागचं आवार. मालकीण विनता, तिचे चुलतसासरे रामकृष्ण आणि ड्रायव्हर योगेश. मध्ये माल उतरवून आलेली डिझेल पिकअप.)

विनता : साडेदहाला परत आला हा. मीटर पाहा, काकाजी. जायला एकशे तीन, यायला एकशे तीन. कटनी इथून पंच्याण्णव किलोमीटर आहे. सासरे गाडी चालवायचे तेव्हापासून पंच्याण्णव आहे.

योगेश : दीदी, मी सीधा गेलो, सीधा आलो.

विनता : तू गप. सिहोऱ्याला याची सासुरवाड आहे, काकाजी. मेन रोडपासून चार किलोमीटर आत. चार जायचे, चार यायचे. झाले का आठ? येताना पुन्हा तेच.

योगेश : सासऱ्याशी माझं बोलणं बंद आहे. दिवाळीपासून. सच्ची.

विनता : मग सासूशी चालू असेल.

रामकृष्ण : वेळ किती लागला रे?

योगेश : जायला दोन तास, यायला दोन. माझ्या आधी अंकुरभैयाला पण तेवढेच लागत होते.

विनता : त्याचं नाव या आवारात घ्यायचं नाही, सांगितलं ना?

रामकृष्ण : हे एकशे तीन आजच आले का?

विनता : रोजचं आहे. हा आला त्याला महिना झाला, एक दिवस खाडा नाही.

रामकृष्ण : तेच मला खटकून राहिलं. लबाडी करणारा माणूस एखाद दिवस आळस करतो, एखाद दिवस जास्त हात मारतो. हा रोज मोजून आठच फिरतो काय? चाकं कधी बदलली तू?

विनता : चाकांचं काय मध्येच?

रामकृष्ण : विचारलं ते सांग.

विनता : अंकुरला काढलं त्याच आठवड्यात. जुन्या रिमला तडा गेला होता, टायर गुळगुळीत झाले होते. अंकुर म्हणे, मामी, पंधरा इंचाचीच घ्या, गाडीला तीच आहेत. भाव ऐकून मला घेरी यायची बाकी होती. कमिशन असल्याशिवाय भाचा मामीला महागाचं घ्यायला लावतो काय? मग मी दुसरा टायरवाला गाठला. तो म्हणाला, "बहनजी, चौदा वाली लगवाओ, हल्की हैं, एवरेज बढ़ेगा." आणि वाढला, काकाजी! अंकुर लिटरला बारा देत होता, योगेश तेरा देऊन राहिला. तीच गाडी, तोच रस्ता. वरचं डिझेल कुठं जात होतं, तुम्हीच सांगा.

रामकृष्ण : आणि हे तू लतिकाबाईला सांगितलं.

विनता : तिनं विचारलं. अंकुरसाठी स्थळ तिनं आणलं, बैतूलचे लोक तिलाच विचारून राहिले, मुलगा कसा आहे म्हणून. मी खोटं बोलू? म्हटलं, हाताचा स्वच्छ नाही.

रामकृष्ण : सख्ख्या नणंदेचा, इंदूचा पोरगा.

विनता : म्हणूनच सांगितलं. उद्या त्यांची पोरगी रडत बसली असती, तर मामीला ठाऊक होतं, हेच ऐकलं असतं ना मी?

रामकृष्ण : ते लोक आज येऊन राहिले इंदूकडे, नेपियर टाउनला. बारा वाजता. हो की नाही ते सांगायला.

विनता : ठाऊक आहे. मला बोलावलं नाही.

रामकृष्ण : योगेश, स्टेपनी काढ. ती जुनीच आहे ना?

योगेश : जुनीच. पंधराची.

रामकृष्ण : जॅक लाव आणि नव्यातलं एक चाकही उतरव. हवा पाहून घे दोन्हीची. विनता, आतून खडू आण, टेप आण.

विनता : हा काय खेळ मांडला, काकाजी?

रामकृष्ण : टेपचं टोक तूच धर. तुझा तर कोणावर भरोसा नाही. हां, टायरवर खूण केली, जमिनीवर खूण केली. लोट, योगेश. सरळ. टायरची खूण पुन्हा जमिनीला लागली की थांब. किती?

योगेश : सात फूट तीन इंच.

रामकृष्ण : आता नवीन.

योगेश : सहा फूट... साडेआठ.

विनता : पुन्हा मोजा. यानं टेप ढिला धरला.

रामकृष्ण : मी धरतो. घे. सहा फूट साडेआठ. एकतीस वर्षं फॅक्टरीत नाप घेतले बाई, ढिला टेप मला दुरून दिसतो.

विनता : बरं, लहान आहे. दिसूनच राहिलं ते. म्हणून काय झालं?

रामकृष्ण : मीटर रस्ता नाही मोजत, चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात सात फूट तीन इंच गेलो, हेच त्याला ठाऊक. आता गाडी जाते साडेसहा इंच कमी. तेवढाच रस्ता, पण फेरे जास्त. पंच्याण्णवचे एकशे तीन होतील नाही तर काय?

योगेश : देखा दीदी! उगाच माझ्या सासूवर आळ.

विनता : ठीक आहे. नाही गेला तू सिहोऱ्याला. मानलं. लाव चाक.

रामकृष्ण : थांब. तेराचा एवरेज कशावरून काढला तू?

विनता : मीटरवरून. अजून कशावरून काढतात?

रामकृष्ण : याच मीटरवरून? जाऊन-येऊन रस्ता एकशे नव्वद. डिझेल किती लागतं, योगेश?

योगेश : सोळा लिटर. थोडं इकडेतिकडे.

रामकृष्ण : भाग दे.

योगेश : बारा. बाराला जरासं कमीच.

विनता : म्हणजे हा बाराच देऊन राहिला?

रामकृष्ण : हा बारा, तोही बारा. चाकं बदलली, माणूस बदलला, डिझेल तेवढंच जळतं. एक तर दोघं चोर, नाही तर एकही नाही.

विनता : मग दोघं असतील.

योगेश : दीदी!

रामकृष्ण : असतील. ते टेपमध्ये नाही दिसत. पण ज्या तेराच्या जोरावर तू बोलली, ते तेरा कधी नव्हतेच.

विनता : आणि कमिशन?

रामकृष्ण : ते मी कसं सांगू? गाडीला पंधराची होती, त्यानं पंधराची मागितली. मला एवढंच ठाऊक.

योगेश : एक बोलू, दीदी? चौदाची बसवायला गेलो, तेव्हा अंकुरभैया तिथं आला होता. म्हणाला, मामीला सांग, मीटर आता जास्त पळेल.

विनता : आणि तू आज सांगून राहिला?

योगेश : तुम्ही म्हणाल्या होत्या, त्याचं नाव घ्यायचं नाही.

विनता : त्याला ठाऊक होतं, तर त्यानं स्वतः येऊन काहून नाही सांगितलं? पाहा, काकाजी. यातही काही असेल.

रामकृष्ण : आला असता, तर दारात उभं केलं असतं तू?

विनता : किती वाजले?

योगेश : बारा वाजून दहा.

विनता : लतिकाबाईला काय सांगू मी? की चाकं लहान होती? हसतील ते लोक.

रामकृष्ण : हसू दे.

विनता : आधी इंदूताईला फोन लावा. तुम्हीच लावा, माझा आवाज ऐकून ठेवून देईल ती. पाहुणे आले का, तेवढं विचारा. योगेश, चाक लाव लवकर, निघायचं आहे!

रामकृष्ण : हॅलो, इंदू? रामकृष्णकाका बोलतो... हो... बरं. बरं... नाही, सहजच.

विनता : काय म्हणते?

रामकृष्ण : आले म्हणते. चौघं आहेत. लतिकाबाईही आहे.

विनता : बोलणं काय झालं?

रामकृष्ण : अजून काहीच नाही. चहा समोर ठेवला आहे. कोणी कप उचलला नाही.