दुधनीच्या विहिरीतील दोन छायाचित्रांबाबत

मी, बुद्धप्रिया सिद्धार्थ तळभंडारे, वय २४ वर्षे, व्यवसाय – शिक्षण (एम.एस्सी., भूशास्त्र), रा. मिलिंद नगर, बुधवार पेठ, सोलापूर. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

दुधनी शिवारात गुरुशांत कलशेट्टी यांच्या शेतात नवीन विहीर खोदताना काळ्या खडकाखाली चुनखडक व शेल, म्हणजे पापुद्रे निघणारा चिखलाचा खडक, असे थर उघडे पडले. त्यांत गोगलगायींचे जीवाश्म आहेत. प्रबंधासाठी या थरांची नोंद घेण्यास कलशेट्टी यांच्या परवानगीने मी दि. १८/०२/२०२५ रोजी सकाळी १०.१० वाजता विहिरीत उतरले. सोबत खोदकामावरील मजूर धुळाप्पा पुजारी, वय ५२, होते.

चुनखडक १.१० मीटर, त्याखाली शेल ०.८५ मीटर. शेलमधून पाणी झिरपत होते. १०.५० वाजता चुनखडकात उभी भेग, रुंदी ४ मिलिमीटर, अशी नोंद मी वहीत केली. भेगेखाली उभे राहू नये, असे मी धुळाप्पा यांना सांगितले नाही.

जीवाश्म पाहून ते म्हणाले, "हितं समुद्र हुता व्हय, मॅडम?" तळे होते, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग पानी लागतंयच की! मालकाला सांगा तेवढं, लई कटकट करतोय."

११.४० वाजता छायाचित्रे काढण्यास सुरुवात केली. थराची उंची कळावी म्हणून छायाचित्रात मोजपट्टी ठेवतात. माझी मोजपट्टी वर मोटारसायकलजवळ राहिली होती. ती आणण्यास मी वर गेले नाही. त्याऐवजी मी धुळाप्पा यांना थराला पाठ लावून उभे राहण्यास सांगितले. त्यांनी विचारले, "टोपी काडू का ऱ्हाऊ दे?" मी राहू द्या म्हणाले. माझ्या डोक्यावर हेल्मेट होते. पहिले छायाचित्र हलले, म्हणून त्यांना तसेच थांबवले. दुसरे काढले आणि भेगेपासून चुनखडकाचा तुकडा सुटून त्यांच्यावर पडला. वेळ ११.४३. अक्कलकोट येथील दवाखान्यात डॉक्टरांनी ते मयत झाल्याचे सांगितले.

दवाखान्याबाहेर कलशेट्टी मला म्हणाले, "तुम्ही नको म्हनत असताना धुळाप्पा दगड उचलाया गेला, एवढंच बोला. तुमचं शिक्षण हाय अजून." त्यांनी पोलिसांना दिलेल्या खबरीत तसेच लिहिले आहे. ते खरे नाही. तसेच राहिल्यास चूक धुळाप्पा यांची ठरेल आणि त्यांच्या पत्नी सावित्रम्मा यांना भरपाई मिळणार नाही.

सावित्रम्मा यांनी मला त्याच ठिकाणी विचारले, "त्यांनी ऐकलं न्हाय व्हय तुमचं, बाई?" मी तेथून निघून आले. धुळाप्पा यांनी माझे ऐकले होते.

दोन्ही छायाचित्रे व वही हजर करीत आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. सावित्रम्मा यांना वाचता येत नाही. त्यांनाही तो असाच, पूर्ण, वाचून दाखवावा.