सृष्टीचे केस

पुण्याहून भोरला निघालेल्या एसटीत रहमतबीच्या मागच्या बाकावर सासू, सून आणि लोकरी टोपी घातलेली छोटी सृष्टी येऊन बसल्या. गाडी हलताच सासूनं विचारलं,

“काय म्हनले गं डॉक्टर?”

“कातडीतली चरबी फोडनारा एक रस आसतो म्हनं. त्येच्यानं केस वाढत्यात. हिच्या अंगात त्यो नीट बनतच न्हाई. कातडी बी त्यानंच कोरडी पडती.”

“मंग इतक्या डाव वस्तरा फिरवला त्यो?”

“वायाच गेला.”

“आजी, आता वस्तरा न्हाई ना?”

“तू गप बस. ह्यो तुज्या आईच्या माहेरचाच दोष. म्या माज्या विराजला सांगून ठेवलंय, दोगींना माहेरी आंबवड्याला सोडून ये.”

“आत्या, आई आनि बाप, दोगांकडनं आला तरच ह्यो दोष पोरात दिसतो. डॉक्टरांनी आमचं आदीचं नातं इचारलं. मी सांगितलं, मामाची पोरगी केलीय.”

“मंग?”

“माजा बाप तुमचा सख्खा भाऊ. आमच्या दोगांत ह्ये आंबवड्याच्या एकाच घरातनं आलंय.”

“म्हंजी... माज्यातनं?”

“तुमच्यातनं ह्यांच्यात. बापातनं माज्यात.”

“अगं बया!”

रहमतबीला राहवेना, ती मागं वळली. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मावशी, पानी देऊ का?”

“नगं. सूनबाई, विराजला मोबाईल लाव.”

“काय सांगू?”

“तू नगं, मीच सांगते. सोडायचंच आसंल, तर आदी मला सोड आंबवड्याला, म्हनते.”