फोन अडकला तर

लोहाऱ्याच्या स्टँडवर बसची वाट बघत असलेल्या समृद्धीच्या मागं दोघी बहिणी बोलत बसल्या होत्या.

"ताई, फोन अडकला तर काय करायचं, ते आईला कागदावर लिहून दिलंय."

"काय लिहिलंस, पौर्णिमा?"

"सेटिंगमधी जाऊन रिसेट करायचं."

"अगं शहाणे, रीस्टार्ट लिहायचं व्हतं! रीस्टार्टनं फोन नुसता बंद होऊन चालू होतो. रिसेटनं समदं पुसून जातं."

"आजीची रेकॉर्ड केलेली गाणी बी?"

"व्हय!"

"पण आजीला आता बोलता बी येत न्हाय, ताई!"

"रडू नको. आधी घरच्या दुसऱ्या फोनवर लाव."

समृद्धीची बस लागली, पण तिचा पाय उचलेना.

"लागला! आई, तुझ्या फोनमधी कशाला हात लावू नको!… काय?"

"काय म्हणती?"

"म्हणती, फोन एकदम नव्यावानी झालाय. भाषा कोणती पाहिजे, विचारतोय."