दानबीचा एक पायमोजा

नाग्यंग : थांबा, दानबीचे बाबा! तिथूनच बोला. दुसरा पायमोजा कुठाय?

ग्युचल : अगं, बूट तरी काढू दे.

नाग्यंग : सकाळपासून घर पालथं घातलंय मी. उद्या लेकीला शंभर दिवस होतायत, घरात समारंभ, सासूबाई पोहांगहून निघाल्यासुद्धा, आणि त्यांनी विणलेल्या जोडातला एकच हाताशी! तुम्ही असे चोरासारखे का उभे?

ग्युचल : मीच नेला होता. कामावर.

नाग्यंग : आत? अणुकचऱ्यात?

ग्युचल : बंडीत खोचला होता. महिनाभर डबल पाळी, मी येतो तेव्हा ती झोपलेली. त्याला दुधाचा वास येतो गं.

नाग्यंग : आणि?

ग्युचल : वापरलेले हातमोजे, फडकी निवडत होतो. वाकलो, तो पडला. किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्राखाली धरला तर... जरासंच, पण वाजलं.

नाग्यंग : म्हणजे तुमच्याही अंगावर—

ग्युचल : नाही! न्हालो, दोनदा यंत्रात उभा राहिलो, दोन्हीदा हिरवा दिवा. माझ्याकडे कचऱ्यातला सगळ्यात हलका वर्ग येतो. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन पलीकडे पाण्याच्या हौदात. त्याच्या वाऱ्यालाही मी उभा राहत नाही.

नाग्यंग : माझी समजूत काढायला असंच म्हणाल. तीन महिन्यांचं लेकरू आहे, मी कशावर विश्वास ठेवू?

ग्युचल : मग नको देऊस तिला माझ्याकडे. मी काही म्हणणार नाही.

नाग्यंग : ...पायमोज्याचं काय केलंत?

ग्युचल : कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घातला. चिठ्ठी लिहिली, 'लोकरी, एक, तान्ह्या मुलीचा.' मग मुकादमाला सांगितलं. सगळ्यांसमोर अशी पूजा बांधली त्याने! शिवाय महिनाभर फरशा पुसायच्यात.

नाग्यंग : पडताना कुणी पाहिलं होतं?

ग्युचल : कुणीच नाही.

नाग्यंग : मग वेड लागलं होतं का सांगायला? एवढ्या ढिगात कुणाला दिसला असता?

ग्युचल : या पिशव्या पिंपात भरून गाडतात; पिंपात काय आहे ते चिठ्ठीवर नसेल, तर त्याची राखण करणाऱ्यांनी तीनशे वर्षं काय समजायचं?

नाग्यंग : घरी तरी खोटं बोलायचंत. वाऱ्याने उडाला म्हणायचं. मी सासूबाईंची बोलणी खाल्ली असती, झालं.

ग्युचल : सुचलं होतं. जिन्यात उभा राहून ठरवलंही होतं. तुझं तोंड पाहिलं आणि...

(आतून बाळाचं रडणं.)

ग्युचल : उठली वाटतं. जा तू, मी इथेच थांबतो.

नाग्यंग : माझे हात पिठाचे आहेत. तुम्हीच घ्या तिला.