घोडीचे पाय

हाडांच्या डॉक्टरांकडं माझ्या शेजारी दोघं बसली होती. डबल बास हे माणसाएवढं तारांचं वाद्य वाजवणारी तनुजा आणि चिकलठाण्यात लेथ चालवणारे गयासचाचा. चाचांनी तिचा डावा हात हातात घेतला होता.

"सूज तर उतरली बेटा. दुखतं का?"

"आठ दिवस झाले, नाय दुखत. रोज दोन तास वाजवते."

"डॉक्टरनं तर वाजवणंच सोड म्हटलं होतं."

"व्हय. लई रडले होते मी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा वर चढतात. दाबायला सगळा जीव लागायचा."

"आणि तू तारांखालची घोडी काढून आणली. म्हणे, चाचा, हिचे पाय कापा."

"तुम्ही लगेच करवत लावली नाहीत."

"कशी लावणार? घोडी एकच. करवत वाकडी गेली असती तर तुझा बाजा मुका झाला असता. आधी बाभळीच्या फळीवर चार वेळा कापून पाहिलं मी."

"हे बोलला नाहीत मला."

"बोललो असतो तर तू घोडी परत नेली असती."

"नेली असती."

"पायांत उंची कमीजास्त करायचे चाकांचे पितळी स्क्रू नीट बसले, तेव्हा कुठं मला सुकून मिळाला."

"आज निघताना चाकं अर्धा फेरा फिरवली चाचा. तारा लगेच खाली आल्या."

तेवढ्यात नर्सनं तनुजाचं नाव घेतलं.

"चला आत, चाचा."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"डॉक्टर विचारतील, कोणतं औषध घेतलं म्हणून."

चाचा शर्ट नीट करत उठले.