ब्रशचं टोक

समोरच्या बाकावरच्या मुलीच्या खालच्या ओठावर मोहरीएवढा पिवळा ठिपका होता. वर्तकनगरच्या प्रसूती दवाखान्यात आम्ही सगळ्या नंबर लावून बसलो होतो. तिला सातवा महिना असावा. शेजारी सासूबाई.

“अक्षदा, ओठाला काय लागलंय?”

“रंग, आई. ते लढाईच्या खेळातलं गाड्याचं मॉडेल रंगवतेय ना, त्याचा.”

“तो वीतभर राक्षसतोंड्या? अजून संपला नाही?”

“चाकांवरचे खिळे राहिलेत. ब्रशला बारीक टोक हवं, म्हणून ओठांत धरून ओढते. सवयच लागलीय.”

“शी! रंग चाटतेस?”

“हा नवा आहे, याचं काही नाही. पण आधी माझ्या बाबांचे जुने डबे वापरायचे. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे ना, त्यातला पिवळा.”

“मग?”

“तसल्या जुन्या रंगात शिसं असायचं. मला चौथ्या महिन्यात कळलं. त्याच दिवशी डबे टाकले.”

“आणि तोवर पोटात जात होतं?”

“हळू बोला ना.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“नाही.”

“अगं, तीनदा येऊन गेलो आपण!”

“दर वेळी ते म्हणतात, बाळ छान आहे. मग माझं तोंडच उघडत नाही.”

“नवऱ्याला तरी? साईनाथला?”

“त्यालाही नाही. बाळाला काही झालं असलं, तर ते माझ्यामुळेच ना, आई?”

“हात दे इकडे. आत मी बोलू का?”

“अक्षदा कोण? या,” नर्सने हाक मारली.

दोघी आत गेल्या, दार अर्धवटच लागलं.

“बसा. काही त्रास?”

“डॉक्टर, माझ्या रक्तातलं शिसं तपासायचंय.”